दागिना ओळखीचा, माणूस अनोळखी

आलेलं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"बाई, नमस्कार. माझं वय ४२. गुहागर तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखेत १७ वर्षं नोकरी करतेय. आधी पिग्मीच्या (रोजच्या छोट्या बचतीच्या) नोंदी, मग कॅश, गेली सहा वर्षं सोनेतारण. नवऱ्याचा टेम्पो आहे. सीझनला आंबा घेऊन वाशीला फेऱ्या, एरवी चिरे, मिळेल ते भाडं. घरी सासूबाई. मुलगा गेल्या वर्षीपासून डिप्लोमाला मुंबईत. गणपतीला आला होता, गौरीविसर्जन झालं आणि गेला.

मला दुःख असं काही नाही. पगार वेळेवर होतो, नवरा सरळ आहे, घरात भांडण नाही. पण कशातच मन लागत नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही. कामावर हात आपोआप चालतात. रात्री दीड दीड तास मोबाइल बघते. काय बघितलं विचाराल तर सांगता येणार नाही. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, शेवटची कधी गेले आठवत नाही. लग्नाआधी पेटी वाजवायचे. ती माहेराहून आणलेली पेटी १५ वर्षं माळ्यावर पडून आहे.

कंटाळा घालवायला यूट्यूबवर प्रेरणा देणारी भाषणं ऐकते. त्यांचा परिणाम दोन दिवस टिकतो. परवा एक गोष्ट लक्षात आली. काउंटरवर दागिना समोर आला की मी तो ओळखते. वजन अंदाजाने सांगते, मागच्या वर्षी कधी ठेवला होता तेही आठवतं. पण समोर उभ्या असलेल्या बाईचं नाव मला पावती बघूनच कळतं. याची मला भीती वाटली. नोकरी सोडू का? पहिल्यासारखा उत्साह परत कसा आणायचा?"

ताई,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. ती ओळ दागिन्याची. तिच्याकडे येतेच, पण त्याआधी एका शब्दाबद्दल बोलू.

तुम्ही 'कंटाळा' म्हणता. आपल्या भाषेत त्याच्या शेजारी आणखी तीन शब्द राहतात: शीण, वीट आणि उबग. शीण अंगाचा असतो, दोन रात्री झोप नीट झाली की उतरतो. वीट एकाच गोष्टीचा येतो. पावसाळ्यात आठ दिवस कुळथाची पिठी आणि खारा बांगडा खाल्ला की नवव्या दिवशी ताट बघवत नाही. पण महिनाभर तीच गोष्ट समोर आली नाही की परत जिभेवर येते. उबग येतो तो बहुधा माणसांचा. जिथे उबग येतो तिथे कुठेतरी अन्याय असतो, खोटेपणा असतो, आणि तिथे बोलावं लागतं किंवा उठून जावं लागतं. तुम्ही साहेबांबद्दल, सहकाऱ्यांबद्दल एक वाकडं वाक्य लिहिलेलं नाही. म्हणजे उबग नाही. वीट असता तर गणपतीच्या सुट्टीनंतर काम थोडं तरी बरं वाटलं असतं. उरतो तो खरा कंटाळा, आणि तो सुट्टीने जात नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

शीण मात्र मी पत्रावरून नाकारू शकत नाही. म्हणून पहिलं काम हे करा. जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. चाळिशीतल्या बायकांची पाळी जायच्या आधीची वर्षं असतात. झोप तुटते, अंग जड होतं, आणि आपण समजतो की आपलं मनच उठत नाही. कितीतरी जणींना 'उत्साह नाही' असं वाटत असतं तेव्हा रक्तात लोह कमी असतं. तपासणीला एक सकाळ जाईल, ती जाऊ द्या.

आणि हेही नीट वाचा. सलग दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, आवडती गोष्टसुद्धा नकोशी झाली असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटत असेल, किंवा जगणंच नको असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल, तर तो कंटाळा नव्हे. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर कधीही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की "ह्याला रत्नागिरीला न्यायला हवं" म्हणून हसतात. त्या हसण्यापायी आपल्या जिल्ह्यातली किती माणसं वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचली नसतील, याचा विचार आला की मला वाईट वाटतं. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे दवाखानाच आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात केस पेपर काढून, डॉक्टरांशी बोलून, गोळ्या घेऊन माणूस संध्याकाळच्या एसटीने घरी येतो.

तुमचं पत्र मात्र तसं वाटत नाही. कारण त्यात ती भीतीची ओळ आहे. बाईचं नाव पावतीवरून कळतं याची ज्या माणसाला भीती वाटते, त्याचं मन विझलेलं नाही. आपल्या हातून काहीतरी निसटतंय हे त्याला कळतंय, म्हणून ते घाबरलंय.

आता कंटाळा येतो कशाने? मिहाय चिकसेंटमिहाय नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. माणसं कामात रमून कधी जातात, याचा अभ्यास त्यांनी १९७०च्या दशकापासून आयुष्यभर केला. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते. काम आपल्या कुवतीपेक्षा फार जास्त मागतं तेव्हा धास्ती वाटते. काम कुवतीपेक्षा फार कमी मागतं तेव्हा कंटाळा येतो. दोन्ही जवळजवळ सारखे असतात, किंवा काम किंचित पुढे असतं, तेव्हा माणूस रमतो, घड्याळ विसरतो.

तुमचं पहिलं वर्ष आठवा. संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत जीव थाऱ्यावर नसेल. एक शंभराची नोट कमी आली तर पुन्हा सगळी बंडलं सोडून मोजली असतील, घरी जेवतानाही तीच नोट डोक्यात असेल. तेव्हा काम तुमच्याकडून सगळं मागत होतं. आता १७ वर्षांनी बोटं आपोआप मोजतात. काम तेवढंच राहिलं आणि तुम्ही मोठ्या झालात. त्यात तुमचा आळस नाही, कामचुकारपणा नाही. कामाने तुमच्याकडे काही मागणं थांबवलं आहे, आणि उत्साह बाहेरून आणून ओतल्याने ते पुन्हा मागायला लागणार नाही. भाषणांचा परिणाम दोन दिवस टिकतो तो यामुळे. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याच खुर्चीवर, त्याच रजिस्टरसमोर असता.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी २८ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं दुसरीचा वर्ग. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मला शाळेची पायरी चढवेना. तेच पाढे, तीच बेरीज-वजाबाकी, प्रार्थना झाल्यावर खडूचा तोच वास. मी महिनाभर रजा काढून बहिणीकडे राहिले. परत आले, पहिल्या तासाला खडू हातात घेतला, आणि कंटाळा जिथे ठेवून गेले होते तिथेच बसलेला होता.

त्या वर्षी संख्यालेखनाच्या वह्या तपासताना एका मुलाने एकोणसाठच्या जागी ६९ लिहिलेलं दिसलं. लाल रेघ मारायला पेन टेकवलं आणि थांबले. एकोणसाठ! त्याने 'साठ' ऐकला आणि सहा लिहिला. त्याच्या कानाने अगदी बरोबर काम केलं होतं. पुढची वही, तिथे चौतीसला ४३. का? चार आधी ऐकू येतात, तीस नंतर. मराठीत आपण संख्या म्हणतो उलटी आणि लिहितो सुलटी, आणि पंधरा वर्षं मी या पोरांना 'लक्ष नाही तुझं' म्हणत होते. मी एक दोनशे पानी वही केली आणि त्यात मुलांच्या चुका उतरवायला लागले, मुलाचं नाव न लिहिता. समोर लिहायचं: याने असं का लिहिलं असेल? काही चुकांचं कारण आठ-आठ दिवस सापडायचं नाही. मग शाळेत जायची घाई व्हायला लागली. मला कंटाळा बरोबर उत्तरांचा आला होता. चुकीची उत्तरं मी तोवर कधी वाचलीच नव्हती.

वर्ग तोच होता, पगार तोच, पुस्तकही तेच. फक्त मी कामाला एक प्रश्न विचारायला लागले आणि काम मला विचारायला लागलं.

म्हणून तुमच्या दागिन्याच्या ओळीखाली रेघ मारली. तुम्हाला तो दागिना मागच्या वर्षीपासून आठवतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे! तुमच्या डोक्यात आख्ख्या किनाऱ्याचं वार्षिक गणित आहे आणि ते तुम्ही कधी मांडून बघितलेलं नाही. वेलदूर, असगोलीकडच्या घरांचं वर्ष कसं फिरतं हे तुम्हाला मी सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, ६१ दिवस. त्याच्या आधी मे महिन्यात आगोट भरायची: तांदूळ, डाळी, सुकी मासळी, घराची कौलं चाळायची, पोरांच्या वह्या-पुस्तकं. हातात रोकड नाही. म्हणून मेअखेर तुमच्या काउंटरवर गळ्यातली पोत, बांगड्या, कानातल्या कुड्या. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, चार पैसे फिरायला लागतात, आणि गणपतीत गळा रिकामा नको म्हणून तेच दागिने सोडवायला गर्दी. पुढच्या मे महिन्यात परत तेच.

त्यातली एक बाई निवडा. एकच. तिचं नाव आधी, पावती नंतर.

समजा ती दरवर्षी ४०,००० रुपये उचलते आणि चार महिन्यांनी सोडवते. व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर चार महिन्यांचे १,६०० रुपये होतात. दहा वर्षं ती हेच करत असेल तर १६,००० रुपये नुसत्या व्याजात गेले, स्वतःचाच दागिना परत मिळवायला. हे तिला कुणी कधी कागदावर मांडून दाखवलं असेल का? आता दुसरं गणित करू. १ ऑक्टोबर ते ३१ मे हे २४३ दिवस. तिने रोज ६० रुपये पिग्मीत टाकले तर १४,५८० होतात. म्हणजे पुढच्या मे महिन्यात तिला चाळीसच्या ऐवजी साधारण पंचवीस हजार उचलायला लागतील. पोत घरी राहील, नुसत्या बांगड्यांवर भागेल. त्यापुढच्या वर्षी कदाचित तेवढंही लागणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मासळीचे बरे दिवस, सुरुवात करायला हीच वेळ. तुमच्या संस्थेचा व्याजदर आणि पिग्मीची मुदत टाकून हेच गणित तिच्या आकड्यांत करा. मुदतीआधी पिग्मी मोडली तर काय कापतात तेही तिला आधीच सांगा, कारण पुष्कळ बायकांना ते काढायला आल्यावरच कळतं आणि मग त्यांचा विश्वास उडतो तो कायमचा.

हे खिडकीत, चारचौघांत बोलू नका. तारणाची गोष्ट गावात झाली तर तिला मान खाली घालावी लागेल. दुपारी गर्दी ओसरल्यावर बाकावर शेजारी बसून बोला. आणि शाखाधिकाऱ्यांना आधी विचारा. ठेवी वाढणार असतील तर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. म्हणालेच, तर निदान गणित तरी तिला सांगता येईल. तेवढ्याला परवानगी लागत नाही.

हे मी तुम्हाला समाजसेवा करा म्हणून सांगत नाही. अमेरिकेत एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोन अभ्यासक बायकांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांशी बोलून २००१ मध्ये एक निरीक्षण मांडलं. एकाच कामाला लावलेल्या माणसांपैकी काही जणांना ते काम हलकं आणि कंटाळवाणं वाटत होतं. काहींना मात्र आपण रुग्ण बरा करायच्या कामातलेच एक आहोत असं वाटत होतं, आणि ती माणसं कुणी न सांगता बारीकसारीक जास्तीची कामं करत होती, रुग्णांशी बोलत होती. हुद्दा एकच, पगार एकच. फरक होता तो आपल्या कामाची कड त्यांनी कुठे आखली यात. तुमच्या कामाची कड सध्या वजनकाट्याशी संपते. ती काट्यापलीकडे, काउंटरच्या त्या बाजूपर्यंत सरकवा.

नोकरी सोडू का, असं विचारलंत. आत्ता नको. कंटाळ्याच्या भरात घेतलेल्या निर्णयात माणूस 'इथून' निघतो, पण 'कुठे' ते ठरलेलं नसतं. मला वाटतं तुम्हाला एक कठीण गोष्ट हवी आहे. पदवी झालेली असेल तर सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) परीक्षेचा विचार करा. ती वर्षातून एकदा, साधारण मे महिन्यात असते. सहकार कायदा, हिशेब, लेखापरीक्षण हे विषय. १७ वर्षं जे हाताने केलंत ते कशासाठी करतात हे तिथे कळेल, आणि पुढे लेखापरीक्षणाची वाट उघडते. पदवी नसेल तर मुक्त विद्यापीठ आहे. बेचाळिसाव्या वर्षी अभ्यासाला बसलात तर पहिला महिना डोकं दुखेल. दुखू दे, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्याच्याकडून काही मागतंय.

आता जे तुम्ही दीड ओळीत उरकलंत त्याबद्दल. "गणपतीला आला होता, गौरीविसर्जन झालं आणि गेला."

ताई, या दीड ओळीवर मी बराच वेळ थांबले. कोकणातलं असं एक घर दाखवा जिथून कुणी मुंबईला गेलं नाही. गिरण्यांच्या काळापासून आपली माणसं जाताहेत, आणि मागे राहिलेल्या बायकांनी हे इतक्या पिढ्या सोसलं की ते दुःख म्हणून मोजायचंच आपण सोडून दिलं. गणपतीचे पाच-सात दिवस घरात वीस माणसं, रात्री दीडला आरत्या, चुलीवर मोदकांचं पातेलं, आणि मग एका सकाळी पडवीत चपलाच नाहीत. मखर सोडवायचं, चटया गुंडाळायच्या, जास्तीची भांडी पुन्हा वर टाकायची. चाकरमानी गेल्यावरच्या त्या पंधरा दिवसांतला सन्नाटा ज्याने अनुभवलाय त्यालाच माहीत. त्यात यंदा जाणारा तुमचा स्वतःचा मुलगा होता. तो डब्याला काय हवं ते सांगायचा, गणवेश, परीक्षा, सायकल पंक्चर. सोळा वर्षं तुमच्या दिवसाला रोज कुणीतरी काहीतरी मागत होतं. ते थांबलं.

कामाने मागणं थांबवलं आणि घरानेही, दोन्ही एकाच सुमारास. तुम्ही म्हणता दुःख काही नाही. मला वाटतं आहे, आणि त्याला दुःख म्हणायची परवानगी तुम्ही स्वतःला दिलेली नाही, म्हणून ते कंटाळ्याचं नाव लावून आलंय. एकदा नवऱ्याला सांगून बघा, "पोरगा गेल्यापासून घर खायला उठतं." तो टेम्पो चालवणारा माणूस आहे, कदाचित लगेच काही बोलणार नाही. पण रात्रीच्या वाशीच्या फेऱ्यांत त्याच्याही मनात हेच चाललेलं असेल.

मोबाइलबद्दल मी रागावणार नाही. दीड तासाची ती जागा रिकामी आहे, म्हणून तो तिथे येऊन बसतो. नुसता काढून टाकलात तर जागा रिकामीच राहील आणि चौथ्या दिवशी तो परत येईल. जागेवर दुसरं काहीतरी बसवायला हवं, आणि ते तुमच्या माळ्यावर आहे.

मन झालं की पेटी काढीन, असं तुम्ही १५ वर्षं म्हणत असणार. मन आधी होत नाही. हात आधी लावावा लागतो, मन मागून येतं, पुष्कळदा चार-पाच दिवसांनी. नैराश्यावरच्या उपचारांतसुद्धा माणसाला उत्साह यायची वाट बघायला लावत नाहीत. आवडायच्या त्या गोष्टींतली लहानशी गोष्ट ठरल्या वेळी करायला लावतात, मन असो वा नसो. म्हणून मन नसतानाच काढा. सुरुवातीला वाईट वाजेल. बोटं अडखळतील, पूर्वी येणारी चीज अर्धीच आठवेल, आणि सासूबाईंसमोर संकोच वाटेल. दहा मिनिटं, सात वाजता, दिवेलागणीनंतर. घड्याळ लावून दहाच. अकरावं मिनिट हवंसं वाटलं तरी आठ दिवस दहावरच थांबा, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसायची ओढ राहील. एखादी आरती किंवा अभंग घ्या, सासूबाईंना येत असेल असा. त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून म्हणायला लागल्या तर थांबू नका. गावात बायकांचं भजनी मंडळ असेलच, आणि पेटीला माणूस मिळत नाही ही प्रत्येक मंडळाची रड असते.

समुद्रावर रोज जा असं सांगणार नाही, तुम्ही जाणार नाही. एकदाच जा, पण ठरवून, आणि पहाटे. थंडी पडली की, डिसेंबर-जानेवारीत, ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या तुमच्याच गुहागरच्या वाळूत रात्री अंडी घालायला येतात. पहाटे कासवमित्र किनाऱ्याने चालत त्यांच्या पावलांची खूण शोधतात, अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात, आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात. वनखात्याच्या माणसांना विचारून एक पहाट त्यांच्यामागून चाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्याच दोन माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर लावून त्यांना सोडलं होतं. एकीचं नाव गुहा, दुसरीचं बागेश्री. ही बागेश्री पुढे श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. तुमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या वाळूतून निघून! मुलाला फोनवर सांगायला ही गोष्ट न्या. "जेवलास का" याच्यापुढे बोलायला तुम्हा दोघांनाही काहीतरी हवं असेल.

हे सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात रक्त तपासा आणि पेटी खाली काढा, इतकंच. बाकावर बसवायची ती बाई पुढच्या आठवड्यात. परीक्षेचं दिवाळीनंतर बघू.

पेटी काढताना एक काळजी घ्या. १५ वर्षं खाऱ्या हवेत राहिली आहे, भात्याच्या घड्यांत बुरशी असणार, आत झुरळांनी घर केलेलं असेल. काढल्या काढल्या भाता जोराने ओढू नका, घडी फाटेल. ऑक्टोबरचं ऊन कडक आहे म्हणून अंगणातही ठेवू नका, चामडं तडकतं आणि लाकूड वाकतं. पडवीत सावलीला, वारा लागेल अशी दोन दिवस उघडी ठेवा. कोरड्या, मऊ फडक्याने पुसा, पाण्याचा हात नको. मग वरची फळी उचलून सुरांच्या पट्ट्यांवरची धूळ रंगाच्या नव्या, बारीक ब्रशने हलकेच झाडा. काही सूर बोलणार नाहीत, काही चिकटून एकसारखे वाजत राहतील. ते घरी खरवडायला जाऊ नका, सूर बिघडतो. चिपळूणला किंवा रत्नागिरीला पेट्या दुरुस्त करणारा कारागीर विचारून ठेवा, आणि नवऱ्याला सांगा की पुढचं भाडं त्या बाजूचं लागलं की टेम्पोत पेटी घालायची आहे. मागच्या हौद्यात नको, पुढे केबिनमध्ये, गोधडीत गुंडाळून.